झाले की व्हायचे?

मंडळी, आता आपल्याला मराठी वाचता येते. एस. टी.ची पाटी आपण वाचतो, ग्रामपंचायतीची नोटीस वाचतो, लेकीचे पत्र वाचतो. तरी घरात येणाऱ्या कागदावर एखादा शब्द अडतोच. सगळा कागद मराठी असतो आणि शिक्का तेवढा इंग्रजी. मोबाइलवर संदेश येतो, तो तर सगळाच इंग्रजी. मग आपण तो नातवापुढे धरतो. नातू खेळायला गेलेला असला की कागद खुंटीला लागतो.

सगळे इंग्रजी आज शिकायचे नाही. इंग्रजी क्रियापदाची एकच लकब शिकायची आहे. रोजच्या कागदावर ती फार येते. तिच्यावर पैसा अवलंबून असतो, म्हणून ती आधी.

आमच्या वर्गात एक आबा येतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी विहिरीसाठी शहरातून पाणबुडी मोटर मागवली. दुकानदाराने मोटरीचे पैसे घेतले, वर भाड्याचे साडेचारशे रुपये घेतले. म्हणाला, “आबा, भाडं आम्ही इथंच भरतो. तुम्ही फक्त माल उतरवून घ्या.” मोटर मालगाडीने तालुक्याला आली. मालगाडी म्हणजे आगगाडी नव्हे हो, मालाची मोटरगाडी. आबा बिल्टी घेऊन गोदामात गेले. कारकुनाने बिल्टी पाहिली आणि साडेचारशे रुपये मागितले.

“अहो, भाडं दिलंय!” आबा म्हणाले.

“कागद तसं म्हणत नाही,” कारकून म्हणाला. “कागदावर ‘टू पे’ आहे.”

आबांनी पुष्कळ वाद घातला. पण माल गोदामात, आणि पिकाला पाणी हवे. शेवटी त्यांनी दुसऱ्यांदा साडेचारशे रुपये मोजले. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, मी भरलेत. त्याच्या बिलावर भाड्याची वेगळी ओळच नव्हती. तेव्हा दाखवायला आबांपाशी काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी आबांनी ती बिल्टी वर्गात आणली. पाटावर आपटली म्हटले तरी चालेल. म्हणाले, “गुरुजी, हे दोन शब्द मला आधी शिकवा. बाकीचं मागनं.”

म्हणून हा पाठ.

‘पे’ म्हणजे पैसे देणे. ‘पेड’ म्हणजे दिले. ‘टू पे’ म्हणजे द्यायचे. बिल्टीवर ‘पेड’ असेल तर भाडे पाठवणाऱ्याने भरलेले आहे. ‘टू पे’ असेल तर माल घेणाऱ्याने भरायचे आहे. मूळ शब्द एकच. शेवटी एक अक्षर लागले की काम झाले. मागे ‘टू’ लागला की काम राहिले.

आपल्या मराठीतही असेच आहे. धातू एकच, ‘दे’. त्याचे ‘दिले’ होते, ‘द्यायचे’ होते, ‘देणार’ होते. ‘पैसे दिले’ आणि ‘पैसे द्यायचे’ यांत किती अंतर आहे, हे उसनवार केलेल्या माणसाला सांगायला नको.

आता ते शेवटचे अक्षर ओळखू. त्याचे नाव ‘डी’. शिक्क्यावर मोठी अक्षरे असतात. मोठी डी कशी दिसते? धनुष्याला दोरी ताणून बांधावी आणि ते उभे धरावे, दोरी डावीकडे, कमान उजवीकडे. ही डी. डीच्या आधी बहुधा ‘ई’ असते. मोठी ई म्हणजे उभी काठी आणि तिला उजवीकडे तीन दाते. दाताळे उभे केल्यासारखी दिसते. मोबाइलच्या संदेशात लहान अक्षरे येतात. लहान डीची काठी उजवीकडे असते आणि पोट डावीकडे, खालच्या अंगाला. लहान ई म्हणजे गोल, त्याच्या पोटात आडवी रेघ आणि उजवीकडे खाली तोंड थोडे उघडे.

पाटीवर दहा वेळा काढा. हात वळला की डोळा आपोआप ओळखतो.

इंग्रजीत काम सांगणाऱ्या शब्दाला शेवटी ही ‘ई-डी’ची शेपटी लागली की समजावे, काम झालेले आहे. ‘रिसीव्ह’ म्हणजे घेणे, मिळणे. ‘रिसीव्हड’ म्हणजे मिळाले. ‘कॅन्सल’ म्हणजे रद्द करणे. ‘कॅन्सल्ड’ म्हणजे रद्द केले. ‘रिटर्न’ म्हणजे परत करणे, ‘रिटर्न्ड’ म्हणजे परत केले. ‘क्लोज’ म्हणजे बंद करणे, ‘क्लोज्ड’ म्हणजे बंद. काही शब्द आडमुठे असतात. ‘पेड’मध्ये ई नाही, नुसती डी आहे. ‘सेंट’ म्हणजे पाठवले, त्याच्या शेवटी तर डीही नाही. असे शब्द घोकावेच लागतात. आपल्याकडे तरी ‘जा’ या धातूचे ‘गेला’ होते. कोणी विचारते का, यातला ‘जा’ कुठे गेला?

एका बाबतीत मात्र इंग्रजी सोपे. आपल्याला दंड ‘दिला’, फी ‘दिली’, भाडे ‘दिले’, पैसे ‘दिले’ असे तीन प्रकारे म्हणावे लागते. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘पेड’. एकदा ओळखला की सगळीकडे ओळखला.

काकूंनी विचारले, “पण गुरुजी, शिक्क्यावर एकच शब्द का हो? कोणी दिले, कधी दिले, काहीच नाही?”

प्रश्न चांगला आहे. पूर्ण इंग्रजी वाक्यात शेपटीवाल्या शब्दाच्या आधी एक लहान शब्द असतो, ‘इज’ किंवा ‘वॉज’ किंवा ‘हॅज बीन’. ‘द बिल इज पेड’, म्हणजे बिल भरलेले आहे. पण शिक्का असतो बोटभर. तिथे लहान शब्द गाळतात आणि कामाचा शब्द ठेवतात. तारेतही असेच करीत. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून ‘सुखरूप पोहोचलो’ एवढेच लिहीत, बाकी सगळे गाळत. आपल्या देशातली तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिची काटकसर शिक्क्यांत अजून आहे.

कागद मोठा असला, संदेश लांब असला, की ते लहान शब्द परत येतात. आणि खरी गंमत त्यांच्यातच असते. शेपटी एकच, पण पुढचा लहान शब्द बदलला की अर्थ उलटा होतो. बघा:

‘इज पेड’, ‘हॅज बीन पेड’ म्हणजे दिले आहे.

‘विल बी पेड’ म्हणजे दिले जाईल.

‘टू बी पेड’ म्हणजे द्यायचे आहे.

‘नॉट पेड’, ‘अनपेड’ म्हणजे दिलेले नाही.

म्हणून नुसती शेपटी पाहून उठू नका. शेपटीच्या मागे दोन शब्द वाचा. ‘विल’ ओळखायला सोपा, त्याच्या शेवटी दोन उभ्या काठ्या शेजारी शेजारी असतात. ‘टू’ म्हणजे खांबावर आडवे लाकूड आणि त्याच्या शेजारी पूज्य. ‘अन’ हा तर आपलाच वाटतो. अनोळखी, अनवाणी, अनपेक्षित. आपल्याकडेही ‘अन’ पुढे लागला की ‘नाही’ असाच अर्थ होतो.

आता मोबाइल घ्या हातात. बँकेचा संदेश काढा. त्यात बहुधा दोन शब्दांपैकी एक असतो, ‘क्रेडिटेड’ किंवा ‘डेबिटेड’. जुन्या चोपडीत वाणी जे ‘जमा’ लिहितो ते ‘क्रेडिटेड’. जे ‘नावे’ टाकतो ते ‘डेबिटेड’. तुमच्या खात्यात पैसे आले तर क्रेडिटेड. खात्यातून गेले तर डेबिटेड. दोन्ही शब्दांची शेपटी सारखीच आहे, म्हणून इथे डोके पाहायचे. ‘क्रेडिटेड’चे पहिले अक्षर ‘सी’, अर्धा चंद्र, तोंड उजवीकडे. ‘डेबिटेड’चे पहिले अक्षर डी, आपले धनुष्य. आमच्या वहिनींनी त्याची खूण केली आहे. चंद्र म्हणजे उजेड, पैसे आले. धनुष्य म्हणजे बाण सुटला, पैसे गेले. मला ही खूण सुचली नव्हती. मी ती वर्गात सर्वांना दिली आहे.

ह्याच वहिनी आठवडी बाजारात भाजी विकतात. एक दिवस एका गिऱ्हाइकाने लग्नघरासाठी दोन हजारांची भाजी घेतली. पैसे मोबाइलवरून पाठवतो म्हणाला. मोबाइल त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाला, “बघा, गेले पैसे.” वहिनींनी पाहिले. शेपटीवाला शब्द दिसला, ‘क्रेडिटेड’. चंद्रही दिसला. पण त्याच्या मागे ‘विल बी’ होते. म्हणजे ‘जमा होतील’. वहिनी म्हणाल्या, “दादा, हे अजून व्हायचंय. झालं की माझ्या फोनला कळेल. तोवर पाट्या इथंच राहू द्या.” गिऱ्हाईक रागावले. दहा मिनिटांनी पैसे खरोखर जमा झाले. तो माणूस लबाड नव्हता, त्याच्या बँकेकडूनच उशीर झाला होता. वहिनींनी त्याला चार लिंबे वर दिली. पण त्या दहा मिनिटांत त्यांनी केले ते बरोबरच केले, असे माझे मत आहे. माणूस प्रामाणिक असला तरी ‘होतील’चे ‘झाले’ होत नाही.

दुसऱ्याच्या फोनवर काय दिसते, याच्यावर कधी हिशेब करू नये. आपल्या खात्यात काय दिसते त्याच्यावर करावा. आणि आपल्या फोनवर आलेला संदेशही बँकेनेच पाठवला असेल असे नाही. लबाड माणूस स्वतः तसा मजकूर लिहून पाठवू शकतो. शब्द बरोबर, शेपटी बरोबर, पण पाठवणारा खोटा. म्हणून रक्कम मोठी असेल तर शिल्लक पाहावी, किंवा पासबुक भरून आणावे.

इथपर्यंत सोपे होते. आता अवघड गाठ सोडवू.

शेपटी सांगते की काम झाले. पण कोणते काम झाले? तिथेच लोक फसतात.

‘रिक्वेस्टेड’ हा शब्द पाहा. रिक्वेस्ट म्हणजे विनंती, मागणी. ‘रिक्वेस्टेड’ म्हणजे मागणी केली. मागणे झाले, देणे झालेले नाही. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची यू. पी. आय.ची सोय आपल्याकडे २०१६ पासून आहे. तिच्यात एकाने दुसऱ्याकडे पैसे मागण्याचीही सोय होती. समोरचा म्हणे, “काका, तुमची म्हैस पसंत आहे, विसार पाठवतोय, बटण दाबून घ्या.” संदेश येई, अमक्याने पाच हजार रुपये ‘रिक्वेस्टेड’, आणि मंजुरी दिल्यावर ते ‘विल बी डेबिटेड’. म्हणजे काय? त्याने मागितले आहेत, आणि तुम्ही हो म्हटले की तुमच्या खात्यातून जातील. पण वाचणाऱ्याला आकडा दिसे, पाच हजार. आकड्याच्या आनंदात तो गुप्त अंक दाबून टाकी. असे पुष्कळ लोक फसले. ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे अशी मागणी पाठवण्याची सोय बंद करण्यात आली. दुकानदार व कंपन्या यांच्या मागण्या अजून येतात. तेव्हा एवढे पक्के ध्यानात ठेवा, पैसे घेण्यासाठी आपला गुप्त अंक कधीही दाबावा लागत नाही. तो देण्यासाठी लागतो. चूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची आशा जास्त.

अशीच दुसरी जोडी कर्जाची. ‘सँक्शन्ड’ म्हणजे मंजूर केले. ‘डिसबर्स्ड’ म्हणजे वाटप केले, हाती दिले. ‘सँक्शन्ड’ असे पत्र आले की घरात पेढे वाटतात. वाटावेत, पण बियाणेवाल्याला उद्याचा वायदा करू नये. मंजूर करणे झाले, देणे व्हायचे आहे. मधे कागद असतात, जामीनदार असतात, सह्या असतात.

ही फक्त इंग्रजीची खोड आहे असे समजू नका. आपल्या सरकारी मराठीतही एक शेपटी आहे. संस्कृतातून आलेली, ‘इत’ची. लिखित म्हणजे लिहिलेले. घोषित म्हणजे जाहीर केलेले. निलंबित म्हणजे कामावरून तात्पुरते दूर ठेवलेले. प्रलंबित म्हणजे लांबणीवर पडलेले. ‘ई-डी’ जशी तशीच ही. आणि हिच्यातही तोच फास आहे. गावाबाहेर पाटी लागते, ‘प्रस्तावित रस्ता’. पाटीवर ‘इत’ आहे, म्हणून रस्ता झाला का? नाही. सुचवणे झाले. रस्ता कागदावर आहे आणि आपण चिखलात आहोत. त्या पाटीजवळच्या जमिनीचे भाव मात्र लगेच चढतात. ‘प्रस्तावित’ या शब्दावर जमीन घेणारे मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी काहींची मुले आता मोठी झाली, रस्ता अजून प्रस्तावितच आहे.

सातबाराचे पाहू. तुम्ही जमीन घेतली, किंवा वडील वारले आणि वारसांची नावे लागायची आहेत. तलाठी सजेत फेरफाराची नोंद घेतली जाते. ती गाव नमुना सहामध्ये होते. कारकून म्हणतो, “नोंद झाली.” तुम्ही घरी येता. पण नोंद ‘घेतली’ आणि नोंद ‘प्रमाणित’ झाली, या दोन गोष्टी आहेत. नोंद घेतल्यावर संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, मग साधारणपणे मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. त्यानंतर सातबारावर नाव चढते. आता सातबारा संगणकावर निघतो. त्याच्यावर खाली ‘प्रलंबित फेरफार’ अशी ओळ असते. तिच्यापुढे ‘नाही’ लिहिले आहे की नोंदीचा क्रमांक लिहिला आहे, ते वाचा. जमीन विकत घेताना तर ही ओळ आधी वाचा. तिच्यापुढे क्रमांक असेल तर त्या जमिनीवर काहीतरी ‘व्हायचे’ आहे. ते काय, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आबा म्हणाले, “म्हणजे इंग्रजी शिकता शिकता मराठीच पुन्हा शिकलो म्हणा की.”

टपालाकडे वळू. टपालाचे शिक्के थोडे आहेत, पण जड आहेत. आपण पाठवलेले पत्र परत येते आणि त्यावर एक शब्द असतो. ‘लेफ्ट’ म्हणजे तो माणूस ती जागा सोडून गेला. ह्या शब्दाचा दुसरा अर्थ ‘डावा’ असाही आहे. आमच्या वर्गातल्या एकाने त्या शिक्क्यावरून पुण्याला जाऊन डावीकडची सगळी घरे पालथी घातली, असे तो स्वतःच हसून सांगतो. ‘अनक्लेम्ड’ म्हणजे कोणी घ्यायला आले नाही. ‘डिसीज्ड’ म्हणजे माणूस वारला. आणि ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे घ्यायला नकार दिला.

या शेवटच्या शब्दापाशी थोडे थांबू. पुष्कळ घरांत अशी समजूत आहे की कोर्टाची किंवा वकिलाची नोटीस घेतलीच नाही, तर ती लागू होत नाही. पोस्टमन दारात आला की म्हातारी सांगते, “ते घरी नाहीत, आम्हाला नको.” पोस्टमन पाकिटावर ‘रिफ्यूज्ड’ लिहून परत पाठवतो. घरच्यांना वाटते, बला टळली. तशी ती टळत नाही. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट नावाचा १८९७ चा कायदा आहे. त्याचे २७ वे कलम सांगते की बरोबर पत्ता लिहून, तिकीट लावून, नोंदणीकृत टपालाने पाठवलेला कागद पोहोचला असे धरले जाते. पोहोचला नाही हे ज्याला म्हणायचे, त्याने ते सिद्ध करायचे. आणि नकार दिलेली नोटीस ही मिळालेली नोटीस आहे असेच कोर्टे सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे ‘नाही घेतली’ असे आपण म्हणतो, आणि कागद म्हणतो, ‘देण्यात आली’. पुढे तारीख निघून जाते. आपल्या गैरहजेरीत निकाल होतो. नोटीस घ्यावी, वाचावी, तारीख पाहावी. तालुक्याला विधी सेवा समिती असते, तिथे जाऊन विचारावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे वकील मोफत मिळतो. ही सोय १९८७ च्या कायद्याने केलेली आहे. रजिस्टर्ड टपाल ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये सामील करण्यात आली. पाकिटाचे नाव बदलले, शिक्का तोच.

एक गोष्ट राहिली. तुमच्या ध्यानात आले असेल, ‘पेड’ म्हटले तर कोणी दिले ते कळत नाही. ‘रिजेक्टेड’, नामंजूर केले, पण कोणी? करणारा पडद्याआड. मराठी कागदातही तसेच, ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.’ आपण घरात असे बोलतो का? “दूध सांडण्यात आले आहे” असे मूल म्हणाले तर आई आधी विचारील, कोणी सांडले ते सांग! कागदालाही तसे विचारता येते. इंग्रजीत त्यासाठी ‘बाय’ हा शब्द आहे. ‘बाय’ म्हणजे ‘कडून’. ‘रिसीव्हड बाय’ अशी ओळ असेल तर तिच्यापुढे घेणाऱ्याची सही असते. ती सही आपली आहे का, पाहा. आपण घेतलेच नाही आणि सही भलत्याचीच आहे, असे पुष्कळदा निघते. आणि सरकारी अर्ज कोणी व का नाकारला हे कळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली लेखी विचारता येते. अर्जाला दहा रुपये फी. उत्तर द्यायची मुदत तीस दिवस.

‘रिसीव्हड’वरून आठवले. मजुरीच्या हजेरीपटावर, अनुदानाच्या यादीवर, पावतीवर सही करण्याआधी हा शब्द शोधा. त्याच्याखाली सही म्हणजे आपण लिहून दिले, ‘मला मिळाले’. मराठीत असेल तर ‘रक्कम मिळाली, तक्रार नाही’ असे असते. अंगठा करीत होतो तेव्हा आपल्याला माफी होती. आता सही करतो, तेव्हा मिळाल्यावरच करायची. समोरचा म्हणेल, “सही करून टाका, पैसे सोमवारी देतो.” त्याला म्हणावे, “मग सहीसुद्धा सोमवारी करतो.” तो ओळखीचा असेल तर हे म्हणणे जड जाते, हे मला ठाऊक आहे.

बँकेत आणखी एक हक्क आहे. पैसे भरायची चिठ्ठी, पासबुक, खाते उघडायचा कागद हे इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा अशा तिन्ही भाषांत असावेत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. महाराष्ट्रात स्थानिक भाषा मराठी. मराठी छापलेली चिठ्ठी समोर नसेल तर मागा. संकोच नको.

आता पाटी घ्या. मी चार कागदांवरचे शब्द सांगतो, तुम्ही ‘झाले’ किंवा ‘व्हायचे’ असे लिहा. खताच्या दुकानाच्या बिलावर ‘नॉट पेड’. विम्याच्या पत्रात ‘विल बी सेटल्ड’, सेटल म्हणजे मिटवणे. एस. टी.च्या तिकिटावर ‘कॅन्सल्ड’. गॅसच्या टाकीबद्दल संदेश, ‘डिलिव्हर्ड’, म्हणजे पोहोचती केली. लिहून झाले की शेजाऱ्याची पाटी पाहा. आणि गॅसच्या बाबतीत स्वयंपाकघरात जाऊन टाकी आली आहे का तेही पाहा. संदेश ‘झाले’ म्हणतो आणि टाकी गोदामात असते, असे काकूंच्या घरी दोनदा घडले आहे. दोन्ही वेळा त्यांनी एजन्सीत जाऊन संदेश दाखवला आणि टाकी आणली.

मध्यंतरी आबांनी मोटरीसाठी पाइप मागवले. या वेळी दुकानदाराला त्यांनी सांगितले, “बिलावर भाड्याची वेगळी ओळ लिहा. आणि बिल्टीवर ‘पेड’ मारून तिचा फोटो पाठवा.” फोटो आला. आबांनी चष्मा लावून धनुष्य पाहिले. मागे ‘टू’ नाही, ‘नॉट’ नाही, हेही पाहिले. मग ते तालुक्याला गोदामात गेले.

कारकुनाने बिल्टी पाहिली आणि म्हणाला, “भाडं आलंय. हमालीचे चाळीस द्या.”

“कसली हमाली? ‘पेड’ आहे!” आबा म्हणाले.

कारकुनाने बिल्टीच्या तळाशी बोट ठेवले. तिथे बारीक अक्षरांत मराठीत छापले होते, ‘हमाली वेगळी आकारण्यात येईल.’

आबांनी ती ओळ दोनदा वाचली. “‘येईल’ लिहिलंय,” ते म्हणाले. “म्हणजे अजून आकारलेली नाही.”

कारकून हसला. आबांनी चाळीस रुपये काढून दिले आणि त्याची पावती मागितली.